कपडे वाळवायचं यंत्र तापेना तेव्हा



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या शेडमध्ये रोज सकाळी एकच वाक्य ऐकू यायचं. "फिरतंय गं, पण तापत नाही." हे आमच्या कपडे वाळवायच्या यंत्राबद्दल. तालुक्यातल्या एका दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुऊन द्यायचं काम आम्ही गटानं घेतलं होतं. आमचा भाग घाटमाथ्याचा. मिरगाचा पाऊस लागला की पोळ्यापर्यंत ऊन म्हणजे घटकाभराचा पाहुणा. धुणं होतं, पण वाळणं होत नाही. म्हणून कर्ज काढून मोठा ड्रायर घेतला. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या वर्षी ऐन आषाढात, चाळीस मिनिटांत वाळणाऱ्या चादरी दोन-दोन तास फिरून ओल्याच निघायला लागल्या. दवाखान्यातून एक गठ्ठा परत आला. सोबत निरोप होता : चादरींना कुबट वास येतोय, पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ. आणि हप्ता तर दर महिन्याच्या दहा तारखेला ठरलेला.

मेकॅनिक आला, त्यानं कॉइल बदलली, साडेचार हजार घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग गटाच्या बैठकीत आम्ही काय केलं असेल? जी यंत्र चालवते, आमच्यातली सगळ्यांत लहान सून, तिच्यावर सगळ्या घसरलो. तू कपडे फार कोंबतेस, तू बटण नीट लावत नाहीस, तुझं लक्ष मोबाइलमध्ये. ती एवढंच म्हणाली, "काकू, बाहेरच्या पाइपाची झापड आता उचलत नाही. आधी कशी फडफडायची." तिचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. त्या झापडीकडे आपण शेवटी येऊच. आधी हे यंत्र आलं कुठून ते सांगतो. कारण त्या गोंधळात आम्ही माहिती जमवायला बसलो, तेव्हा कळलं की आपली तक्रार दोनशे वर्षांची जुनी आहे.

त्याआधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडं बऱ्याच घरांत दोन टबांचं वॉशिंग मशिन असतं. त्यातल्या छोट्या टबाला आपण ड्रायर म्हणतो. तो तापत नाही, कारण त्यात तापायला काही नसतंच. भिजलेली छत्री गरकन फिरवली की थेंब उडतात ना, तसा तो टब वेगानं फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. आमच्याच एका वहिनींनी त्या टबासाठी माणूस बोलावला होता, "ड्रायर गरम होत नाही" म्हणून. माणूस प्रामाणिक निघाला, चहा पिऊन परत गेला. खरा तापणारा ड्रायर वेगळा. त्यात मोठं पिंप फिरतं, पिंपात कपडे, आणि पंख्यानं गरम हवा आत-बाहेर केली जाते.

या दोन्हींतला खर्चाचा फरक लक्षात ठेवा. फिरवून पाणी काढायला वीज थोडी लागते. पण एक लिटर पाण्याची वाफ करून उडवायची, तर पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी वीज नुसत्या वाफेलाच जाते. आमच्यासारखं कॉइलचं यंत्र किती का चांगलं असेना, त्याखाली येत नाही. एका घाण्याच्या चादरींत तीन लिटर पाणी राहिलं, तर दोन युनिटं तिथंच गेली. म्हणून आधी चांगलं पिळून घ्यायचं आणि मग तापवायचं. ड्रायर तापत नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो तापत असतो, कपडेच निथळत आत गेलेले असतात.

आता मागं जाऊ. आपल्या आज्यांकडं ड्रायर नव्हता का? होता की. पावसाळ्यात बाळंतीण घरात असली की शेगडीत निखारे घालायचे, त्यावर बांबूची टोपली पालथी घालायची, आणि टोपलीवर बाळाचे लंगोट, दुपटी पसरायची. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेप टाकली की कपड्यांना वासही लागायचा. आमच्यातल्या एका आजींना आम्ही विचारलं, "तुम्ही टोपली कशी ठेवायचा?" त्या म्हणाल्या, "एका बाजूनं वीट सारायची, टोपली उचललेली ठेवायची. आणि सगळी टोपली झाकायची नाही, माथ्यावर वीतभर उघडी ठेवायची. नाहीतर खालचं दुपटं करपतं आणि वरचं ओलंच राहतं."

वीट कशाला? खालून कोरडी हवा आत शिरायला. माथा उघडा कशाला? ओली हवा बाहेर जायला. म्हणजे कपडे वाळवायचं काम नुसता जाळ करत नाही. जाळानं पाणी कापडातून सुटतं, पण सुटलेलं पाणी वाहून न्यायला हवा लागते. हवेची वाट बंद केली की ते पाणी तिथंच घुटमळतं. आजी हे शाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांनी एकदा दुपटं जाळलं होतं, त्यावरून शिकल्या.

फ्रान्समध्ये १८०० सालच्या सुमारास पोशाँ नावाच्या माणसानं बनवलेलं यंत्र हे पहिल्या ड्रायरांपैकी एक मानतात. आपली टोपली आडवी करून तिला दांडा लावला तर जसं दिसेल तसंच ते होतं. भोकं पाडलेलं धातूचं पिंप, त्यात ओले कपडे, खाली विस्तव, आणि बाजूला हातानं फिरवायची दांडी. पिंप फिरतं म्हणून एकच बाजू करपत नाही, ही त्यातली सुधारणा. पण धूर आणि गरम हवा एकाच भोकातून आत यायची. त्यामुळे कपड्यांना धुराचा वास, काजळीचे डाग, आणि मन जरा इकडंतिकडं झालं की कपडा पेटलाच. तापणं पुरेसं होतं, पण स्वच्छ हवा नव्हती.

आता जिची गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त भावली, त्या बाईकडं येऊ. तिचं नाव किटी विल्किन्सन. १७८६ साली आयर्लंडमधल्या डेरी गावात जन्मली. लहानपणीच घरच्यांबरोबर बोटीनं इंग्लंडला, लिव्हरपूलला निघाली, आणि त्या प्रवासात वडील गेले. पुढं कोवळ्या वयात सूतगिरणीत मजुरी केली. पहिला नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही, मुलं पदरात. मोलमजुरी, दुसऱ्यांचं धुणं, जे मिळेल ते काम तिनं केलं. नंतर टॉम विल्किन्सनशी दुसरं लग्न केलं.

१८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलरा आला. ही साथ मुळात आपल्याकडच्या बंगालच्या बाजूनं १८१७ पासून जगभर फिरायला लागली होती. तिच्या लाटा फिरत फिरत इंग्लंडला पोचल्या. लिव्हरपूलचे गरीब लोक तळघरांत राहायचे. एका खोलीत आठ-दहा माणसं, खिडकी नाही, अंगण नाही, त्यात तिकडं ऊनही कमी. आजारी माणसाची अंथरुणं, चादरी धुवायच्या कुठं, आणि धुतल्या तर वाळवायच्या कुठं? त्याच खोलीत दोरी बांधायची आणि त्या ओल्या कपड्यांखाली झोपायचं.

किटीच्या घरी पाणी तापवायचा मोठा बंब होता. आसपासच्या गल्ल्यांत तेवढाच. तिनं तो शेजारणींना उघडा करून दिला. आठवड्याला एक पेनी द्यायची आणि कपडे आणून धुवायचे. ज्या घरात कॉलरा, त्या घरचे कपडे उकळायचे आणि क्लोराइड ऑफ लाइममध्ये घालायचे. हे नाव ऐकून घाबरू नका. आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत जी ब्लीचिंग पावडर टाकतो, ज्याला आपण टीसीएल म्हणतो, तीच ही. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा कुणाला माहीत नव्हता. बड्या बड्या डॉक्टरांना वाटायचं रोग घाणेरड्या हवेनं होतो. पण किटीला कपड्यांत काहीतरी आहे हे कळलं होतं, आणि उकळलं, पावडरीत घातलं, नीट वाळवलं की ते मरतं हेही.

पैसेवाल्यांपैकी रॅथबोन घराण्यानं तिला मदत केली. पुढं १८४२ साली लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सरकारी न्हाणीघर आणि धुणंघर उघडलं. १८४६ साली किटी आणि टॉम दोघांना तिथं देखरेखीला नेमलं. त्याच वर्षी इंग्लंडात कायदा झाला, की गावोगावच्या नगरपालिकांना कर्ज काढून अशी धुणंघरं बांधता येतील. १८६० साली किटी वारली. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये शहरातल्या मोठ्या लोकांचे पुतळे आहेत. सगळे पुरुषांचे. २०१२ साली तिथं पहिला बाईचा पुतळा उभा राहिला, तो कपडे धुणाऱ्या किटीचा. आम्हाला हे वाचून जरा बरं वाटलं.

या धुणंघरांत वाळवणाची सोय कशी होती ते मुद्दाम सांगतो. भिंतीत उंच, अरुंद कपाटं असायची आणि त्यांत गरम हवा सोडलेली असायची. प्रत्येक कपाटात रुळावरून बाहेर ओढता येणारी लोखंडी घोडी. गंमत म्हणजे इंग्रजीतही तिला घोडाच म्हणतात. बाईनं घोडी बाहेर ओढायची, कपडे टाकायचे, आत ढकलायची. विस्तव दुसरीकडं, कपडे दुसरीकडं, मध्ये फक्त गरम हवा. पोशाँच्या पिंपातला धुराचा त्रास इथं संपला. एका एका तळघरात कधीही परवडलं नसतं ते सगळ्यांनी मिळून केल्यावर पेनी-दोन पेनीत मिळालं. आमचा ड्रायरही तसाच, एकीनं घ्यायचा म्हटलं असतं तर कुणाचीच ताकद नव्हती.

आपल्याकडं मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० सालचा. तिथं ऊन फुकट, म्हणून वाळवणासाठी विस्तवाचा विचार कुणी केला नाही. दोऱ्या बांधल्या आणि काम झालं. पाऊस आला की मात्र तिथंही आपल्यासारखीच तारांबळ.

त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन नावाच्या आफ्रिकी वंशाच्या माणसाला कपडे वाळवायच्या साधनाचं पेटंट मिळालं. तारीख ७ जून १८९२. म्हणजे आपला मिरग निघतो तो दिवस! सॅम्पसन ओहायो राज्यातल्या डेटन गावचा. त्या देशात गुलामी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षं झाली होती. त्याची युक्ती साधी होती. घरात स्वयंपाकाची शेगडी पेटलेलीच असते, तर तिच्या जवळ कपडे टांगायची एक चौकट करायची. काम असेल तेव्हा जागेवर लावायची, नसेल तेव्हा बाजूला सारायची. ना उघडा जाळ, ना धूर. चुलीच्या वर दांडीला धोतर-लुगडं टाकून वाळवणाऱ्या कुणाही बाईला ती युक्ती ओळखीची वाटेल.

मग पिंप आणि पंखा एकत्र कसे आले? अमेरिकेच्या उत्तरेला, नॉर्थ डकोटात, जे. रॉस मूर नावाचा माणूस होता. तिकडं हिवाळ्यात बाहेर दोरीवर टाकलेला सदरा गोठून फळीसारखा कडक होतो. त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खोपटात तेलाचं रिकामं पिंप बसवलं, शेजारी शेगडी ठेवली, आणि कपडे पिंपात फिरवून वाळवायला लागला. पुढं कितीतरी वर्षं तो त्याच नादात राहिला. कंपन्यांची दारं ठोठावली. शेवटी विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीनं ऐकलं. ही कंपनी मुळात छापखान्यासाठी लाकडी अक्षरं बनवणारी! १९३८ च्या सुमारास तिनं घरगुती ड्रायर बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'जून डे', जूनचा दिवस. तिकडं जून म्हणजे लख्ख ऊन. आमच्या गटात हे नाव सांगितल्यावर हशा पिकला. आपल्याकडं जूनच्या नावानं ड्रायर विकला असता तर एकही खपला नसता.

त्यात ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या आरेखनकारानं एक भर घातली. तो म्हणाला, हे नुसतं पांढरं पेटाड आहे, बाया विकत कशाला घेतील? दाराला काच लावा, आणि दुकानात आत रंगीबेरंगी चड्ड्या फिरत्या ठेवा. तसं केलं, आणि ड्रायर विकला गेला. आजही ड्रायरच्या दाराला गोल काच असते ती तेव्हापासून. आमचं मत विचाराल तर काच दाराला लावली ते ठीक, पण बाहेर जाणाऱ्या पाइपाला लावली असती तर जास्त उपयोग झाला असता. कारण सगळी खोड तिथंच साठते.

पुढं अमेरिकेत बहुतेक घरांत ड्रायर आला, ऊन असलेल्या भागातही. तिकडच्या काही वसाहतींत तर बाहेर दोरीवर कपडे टाकायला मनाई असते, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. फ्लोरिडासारख्या राज्याला कायद्यात लिहावं लागलं, की दोरीला मनाई करता येणार नाही. हसू नका. पाळीच्या घड्या आपणही साडीखाली लपवून वाळवतो, कुणाला दिसू नयेत म्हणून. वरून साडी टाकली की ऊन गेलं आणि हवाही गेली. घडी दमट राहते, आणि मग खाज, पुरळ, पांढरं जाणं याच्या तक्रारी आपल्या बैठकीत दबक्या आवाजात येतात. त्या तळघरातल्या बायांची आणि आपली अडचण फार वेगळी नाही. परसात आडोसा करा, पण वरून झाकू नका.

आता पुन्हा यंत्राकडं. आजचा ड्रायर आत कसा चालतो ते पिंप उघडून बघितल्यावर आम्हाला कळलं. मागच्या बाजूनं हवा आत येते, तापलेल्या कॉइलवरून जाते, पिंपातल्या कपड्यांतून फिरते, ओली होते, जाळीतून गाळली जाते आणि पंखा तिला पाइपातून बाहेर ढकलतो. कपडे एकमेकांवर घासतात, त्यांची रुई निघते. जाळीत बरीच अडकते, पण सगळी नाही. उरलेली पाइपात जाते, तिथं ओल असते, ती चिकटते, तिच्यावर पुढची चिकटते. हळूहळू वाट अरुंद होते.

आणि इथंच खरा डाव आहे. वाट अरुंद झाली की गरम हवा पुढं सरकत नाही. कॉइलच्या आसपास ती कोंडते आणि तिथली उष्णता फार वाढते. आग लागू नये म्हणून तिथं एक छोटा राखणदार बसवलेला असतो. त्याला थर्मोस्टॅट म्हणा नाहीतर थर्मल फ्यूज. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो कॉइलची वीज तोडतो. पिंप फिरत राहतं, पंखा चालत राहतो, पण कॉइल थंड. म्हणजे गंमत बघा, जास्त तापलं म्हणून यंत्र तापत नाही! आणि आपण म्हणतो कॉइल गेली.

हा राखणदार कशासाठी आहे ते आकड्यांवरून कळतं. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन खात्यानं २००८ ते २०१० च्या नोंदींवरून अंदाज काढला, की घराघरांतल्या ड्रायरमुळे वर्षाला साधारण २,९०० आगी लागतात. त्यांत वर्षाला सुमारे ५ माणसं मरतात आणि १०० जखमी होतात. आगीचं सगळ्यांत मोठं कारण सफाई न करणं, १०० पैकी ३४ वेळा.

आमचा मेकॅनिक तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं राखणदार उडालेला पाहिला आणि म्हणाला, "हा सारखा उडतोय. डायरेक्ट करून देतो, त्रास संपेल." डायरेक्ट म्हणजे तो काढून टाकायचा आणि दोन तारा सरळ जोडायच्या. आम्ही सगळ्या हो म्हणायच्या बेतात होतो. दहा तारीख जवळ आली होती. तेव्हा आमची ती लहान सून यंत्रासमोर उभी राहिली. म्हणाली, "डायरेक्ट केलं तर मी चालवणार नाही. तुम्ही चालवा." एवढ्या मोठ्या बायांसमोर आणि एका परक्या माणसासमोर असं बोलणं सोपं नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना कळतं का तुला?" ती म्हणाली, "मला एवढंच कळतं की झापड उचलत नाही."

तिनं वीज बंद केली, मेन स्विच खाली केला, आणि पाना घेऊन बाहेरच्या पाइपाचा शेवटचा तुकडा सोडवला. आतून काय निघालं? करड्या रुईचा ओला, घट्ट बोळा, बादलीभर. आणि तोंडाशी, झापडीच्या आत, तारेची बारीक जाळी. ती जाळी कुणी बसवली होती? आम्हीच. मागच्या हिवाळ्यात पाइपातून उंदीर आत शिरतात म्हणून दुकानातून डाळ चाळायच्या चाळणीएवढी बारीक जाळी आणली आणि तारेनं घट्ट बांधली होती. वर्षभर रुई त्या जाळीवर येऊन बसली. कॉइलचे साडेचार हजार त्या जाळीपायी गेले. मेकॅनिकनंही पाइप बघितला नाही, हे खरं. पण जाळी त्यानं नव्हती बांधली.

बोळ्यातला कोरडा चिमूटभर भाग तिनं अंगणात दगडावर ठेवला आणि काडी लावली. भप्प! एका क्षणात गेला. अध्यक्षबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि तिच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

आता तुमच्यापैकी कुणाच्या गटाकडं असं यंत्र असेल, कपड्यांचं किंवा पापड-भाज्या वाळवायचं, तर आम्ही काय करतो ते ऐका. यंत्र चालू करून बाहेरच्या तोंडाशी हात धरायचा. हवा जोरात येते आणि थंड आहे, तर वाट मोकळी आहे, दोष विजेचा किंवा कॉइलचा. हवा मंद येते, तर वाट तुंबलीय, कॉइलला हात लावायचं कारणच नाही. हवा जोरात आणि गरम येते पण कपडे ओले निघतात, तर पिळणं कमी पडलं किंवा घाणा मोठा भरला. एवढं हातानंच कळतं. पुढचं काम, झाकण उघडणं, तारांना हात लावणं, हे वायरमनचं. तिथं धाडस करायचं नाही.

विजेचा दोष म्हणजे काय, तेही सांगतो, कारण तो आम्हाला त्यानंतर महिन्याभरानं भेटला. आमचं यंत्र थ्री फेजचं, आत तीन कॉइली, प्रत्येक फेजवर एक. गावात एक फेज गेली की विहिरीवरची मोटर चालत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण आमच्या ड्रायरचा पंखा राहिलेल्या फेजवर चालूच राहिला, पिंप फिरत राहिलं, आणि तीनातली एक कॉइल थंड. हवा जोरात, पण नुसती कोमट. यावेळी कुणी त्या पोरीवर ओरडलं नाही. तिनं हात धरला, म्हणाली, "वाट मोकळी आहे, फेज बघायला लावा." वायरमननं टेस्टर लावला, मीटरपेटीतला एक फ्यूज जळालेला होता.

ही गोष्ट आमच्या एका काकूंनी न्यू जर्सीला लग्न होऊन गेलेल्या लेकीला फोनवर सांगितली. तर ती म्हणाली, "आई, आमचा पण तसाच झालाय, फिरतो पण तापत नाही!" तिकडच्या घरात १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. ड्रायरची मोटर एका तारेवर चालते, आणि कॉइलला दोन्ही मिळून २४० लागतात. दोनातली एक बंद झाली की पिंप फिरतं आणि कॉइल गार. लेकीनं पेटीतला ड्रायरचा जोडखटका पूर्ण खाली करून पुन्हा वर केला, आणि ड्रायर तापला. काकूंनी आठवडाभर गावात सांगितलं, की अमेरिकेतला ड्रायर आम्ही इथून दुरुस्त केला.

चादरींचं काम गेलं नाही. दवाखान्यात आम्ही स्वतः गेलो, खरं ते सांगितलं, परत आलेला गठ्ठा पुन्हा उकळून, वाळवून विनामोल दिला. पाइपाला आता अंगठा जाईल एवढ्या भोकांची जाळी आहे, रुई निघून जाते. घाण्याघाण्याला आतली जाळी झाडायची, आणि दर शनिवारी पाइप सोडवायचा. पाळीची यादी भिंतीवर लावलीय. या शनिवारी अध्यक्षबाईंची पाळी आहे.